धूर म्हणावा की धूळ

उज्ज्वला आडेच्या पत्राला अंकुरने उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नव्हतं असं नाही. पण काय द्यावं हे कळेना, आणि कळेना तोवर होळी आली.

पत्र फेब्रुवारीत आलं होतं. साधं पाकीट, आत एकच पान. आजकाल पत्र कोण लिहितं? पण तिने पहिल्याच ओळीत खुलासा केला होता. "अंकुरसाहेब, फोनवर तुमी नुसतं 'हं' म्हणता. त्या 'हं'चा अर्थ मले लागत नाही, म्हणून लिहून विचारते." पुढे लिहिलं होतं, की एक स्थळ आलं आहे, मुलगा दिग्रसला शिक्षक आहे, वाईट नाही. वडिलांचा, म्हणजे बापूंचा, दमा वाढला आहे, म्हणून त्यांना घाई झाली आहे. होळीला ती घरी जाईल तेव्हा ते विचारतील. "तुमचं काही म्हणणं असेल तर तोवर कळवा. नसेल तर तेही कळवा. पण 'अनिश्चित' म्हणू नका."

अंकुरने ते पान इतक्यांदा वाचलं, की घडीवरची अक्षरं पुसट झाली. 'तुमचं काही म्हणणं असेल तर' म्हणजे काय? तिला वाटतं म्हणून विचारते, की रीत म्हणून? आपण 'हो' म्हटलं आणि ती म्हणाली, "अहो, मी तर सल्ला विचारला होता," तर?... तो उत्तर लिहायला बसे आणि पहिल्याच ओळीत 'बहुधा' हा शब्द येई. कागद फाडून तो उठे.

पण असं मधूनच सांगून चालायचं नाही. ती दोघं भेटली कशी, ते आधी सांगायला हवं.

अंकुर गावंडे यवतमाळच्या एका महाविद्यालयात काम करायचा. काम म्हणजे उपग्रहाने काढलेली चित्रं पाहून हवेतला धूर आणि हवेतली धूळ ओळखणं. धूर असला म्हणजे खाली कुठेतरी आग असणार. मग तिकडे झरी जामणीच्या जंगलात वनरक्षकांच्या मोबाइलवर निरोप जायचा आणि कुणीतरी धावायचं. ऐकायला सोपं आहे. पण वरून पाहिलं, तर दोन्ही सारखीच दिसतात. कुणी जमिनीला ओला हात पुसावा तसा करडा डाग! त्याच्या संगणकावर तीन रकाने होते: धूर, धूळ आणि अनिश्चित. आणि अंकुरचा स्वभाव असा, की बरेचसे डाग तिसऱ्या रकान्यात जाऊन बसायचे. लहानपणी आई विचारायची, "भाजी कशी झाली रे?" तर हा म्हणायचा, "अजून एक घास खाऊन सांगतो."

गेल्या मार्चमध्ये त्याच्या सरांनी त्याला सांगितलं, एकदा जा आणि जमिनीवरून बघून ये. एसटीने त्याला झरीकडच्या एका फाट्यावर सोडलं आणि ती निघून गेली. ऊन असं, की पळसाची फुलंही डोळ्यांना चटका देत होती. तो हातात नकाशा धरून उभा. नकाशा उलटा धरलाय की सुलटा, हेही त्याला धड कळत नव्हतं.

तेवढ्यात एक मोटरसायकल आली आणि थांबली. गाडीवर खाकी वर्दीतली एक मुलगी. भुवयांपासून पापण्यांपर्यंत सगळ्या चेहऱ्यावर पांढुरकी पूड बसलेली.

"कुठं जायचं?"

"ते... वनरक्षक आडे कुठे भेटतील?"

"कायले पाह्यजे आडे?"

"मी यवतमाळहून आलो. धुराचे निरोप येतात ना मोबाइलवर... ते मी—"

ती गाडीवरून खाली उतरली. स्टँड असं लावलं, की अंकुर एक पाऊल मागे सरकला.

"तुमीच काय ते! या आठवड्यात रोज धूर, रोज धूर. रोज मी टेकडी चढून गेली. काय होतं तिथं, माहीत आहे?"

"काय?"

"गिट्टीचं क्रशर! आताही तिथूनच येऊन राह्यली. हे पाहा." तिने आपल्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं.

अंकुरने पाहिलं. अगदी कामात पाहावं तसं, वाकून, डोळे बारीक करून. आणि त्याला खरोखरच प्रश्न पडला.

"ही... धूळ आहे की राख?"

"तुमीच सांगा ना. तुमी तं आभाळातून ओळखता!"

पुडीच्या आतून दोन डोळे हसत होते. ते पाहिल्यावर आपण काय पाहत होतो, हेच अंकुर विसरून गेला. तो रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाकडे पाहू लागला.

"अनिश्चित," तो म्हणाला.

ती एवढ्या मोठ्याने हसली, की पळसावरून होल्यांचा थवा उडाला. "मीच आडे," ती म्हणाली. "उज्ज्वला आडे. बसा मांगं. तुमाले खरा धूर दाखवते."

मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी पाचोळा जाळत होती. मोहाची फुलं पहाटे जमिनीवर टपटप पडतात. ती स्वच्छ वेचता यावीत, म्हणून लोक आधी झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. धूर झाडाच्या बुंध्याभोवती लोळत होता, वर जायचा कंटाळा केल्यासारखा. उज्ज्वलाने म्हातारीला दम भरला, मग तिच्याच झाडाची फांदी तोडून कडेची आग झोडपून विझवली, आणि मग तिच्याशीच हसत बोलत बसली. सगळीकडे मोहाचा गोड, जरा डोक्यात जाणारा वास.

"इथला कालचा डाग मी पाहिला होता," अंकुर ओशाळून म्हणाला. "मी त्याला... धूळ म्हटलं."

"म्हंजे धुळीले धूर म्हंता आन धुराले धूळ! सरकार तुमाले पगार कायचा देते?"

मग त्याने तिला समजावून सांगितलं. या एकाच विषयावर तो न अडखळता बोलू शकायचा. उपग्रहाला निरनिराळे डोळे असतात. साध्या डोळ्याला धूळ आणि धूर सारखेच. पण उष्णता पाहणारा डोळा लावला, की धूर विरून जातो, त्याच्या आरपार दिसतं. धूळ मात्र तशीच राहते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची आणि कोण नाहीसं झालं ते पाहायचं.

"आन आग?"

"आग दिसते. पेटली असेल तर."

तिने हातातली फांदी खाली टाकली. "मंग माणसाचं उलटं आहे," ती म्हणाली. "धूर साऱ्यायले दिसते. आग कोणालेच दिसत नाही."

हे कुणाबद्दल होतं? म्हातारीबद्दल? एकूण माणसांबद्दल? अंकुर परतीच्या एसटीत विचार करत राहिला, आणि यवतमाळ आलं तरी उतरायचं विसरला. डेपोतल्या माणसाने त्याला खाली उतरवलं.

त्यानंतर तो निरोप पाठवण्याआधी तिला फोन करू लागला. म्हणजे कामासाठीच. ती टेकडीवर, जिथे रेंज यायची तिथे जाऊन पाही आणि उत्तर पाठवी. एकच शब्द. 'धूळ.' कधी 'धूर, विझवला.' एकदा नुसतं 'ढोरं.' गुरांचा कळप धूळ उडवत चालला होता. अंकुर ते शब्द संध्याकाळी पुन्हा काढून वाचायचा. 'ढोरं' या शब्दात माणसाने इतकं काय वाचावं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

मग एके दिवशी तिचाच फोन आला.

"साहेब, आज तुमी पाठवलेला ठिपका कुठला होता?"

"का... काय झालं?"

"तलाव होता. तलावातून धूर निंगून राह्यला काय?"

अंकुरने घाईघाईने नकाशा उघडून पाहिला. तलावच होता.

"मले फोन करायचा असन, तं सरळ करत जा. कायले उगीच तलाव पेटवता?"

"हं," अंकुर म्हणाला. त्याला पुष्कळ म्हणायचं होतं. पण निघाला तो 'हं'च.

पावसाळ्यात तर पंचाईतच झाली. वर ढग, उपग्रह आंधळा. फोन करायला निमित्तच उरलं नाही. तरी त्याने एकदा धीर केला.

"इकडे फार ढग आहेत," तो म्हणाला.

"मले दिसते," ती म्हणाली. "मी त्यायच्या खालीच उभी आहो. वल्ली झाली." मग थोडं थांबून, "अजून काही?"

"...नाही."

"बरं."

ते 'बरं' रागाचं होतं की हसण्याचं? सारा श्रावण त्यात गेला.

ऑक्टोबरमध्ये ती प्रशिक्षणासाठी यवतमाळला आली आणि वेळ काढून त्याची प्रयोगशाळा पाहायला आली. त्या दिवशी वर्दी नव्हती. निळा पंजाबी ड्रेस, केसांना तेल, आणि स्वच्छ धुतलेला चेहरा. अंकुरला ती क्षणभर ओळखूच आली नाही. पडद्यावर त्याने तिला सगळा जिल्हा दाखवला. ती पुढे वाकली, बोटाने पुसदच्या खालचा एक कोपरा शोधला.

"हा आमचा बंजाऱ्यायचा तांडा. इथं बापू राह्यते, याडी राह्यते, म्हंजे माय. होळीले पाहा तुमी इथं. आमच्या तांड्याएवढी होळी अख्ख्या तालुक्यात नाही. तुमच्या आभाळातून दिसन."

"दिसली तर सांगीन."

"आन नाही दिसली तं?"

"...तरी सांगीन."

तिने त्याच्याकडे पाहिलं, हसली आणि चहाचा कप उचलला. कप त्याचा होता. तिला ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. त्याने तिचा उचलला.

त्या दिवसापासून काम सुरू करताना अंकुर आधी तो कोपरा पाहायचा. तिथे ना धूर असायचा, ना धूळ. पण पाहायचा.

आणि मग ते पत्र आलं, त्याचं उत्तर गेलं नाही, आणि होळी आली.

होळीच्या रात्री उपग्रह वरून गेला. चित्र सकाळी अंकुरच्या हाती आलं. बाहेर धुळवडीचा गलका चालला होता आणि तो खोलीत बसून पडदा उजळून पाहत होता. सगळा जिल्हा लाल ठिपक्यांनी फुलला होता. लहान होळ्या दिसत नाहीत, पण मोठ्या दिसतात. पुसदच्या आसपासची गावं दिसत होती. त्याने तो कोपरा मोठा करून पाहिला.

तांडा काळा होता.

त्याने दुसरा डोळा लावून पाहिलं, तिसरा लावून पाहिलं. काहीच नाही. अख्ख्या तालुक्यात मोठी होळी ज्यांची, त्यांची होळी पेटलीच नाही?

घरमालक रामराव दारात आले. डोक्यावर गुलाल, हातात पुरणपोळीचं ताट. "काय झालं साहेब? तोंड कायले असं करून बसले?"

"काका, एखाद्या गावात होळी पेटली नाही, तर काय समजायचं?"

रामरावांनी ताट खाली ठेवलं. "काय समजायचं? गावात काही वाईट झालं असन. कोणी गेलं असन. नाही तं होळी कोन सोडते बाप्पा?"

बापूंचा दमा वाढला आहे... पत्रातलं ते वाक्य अंकुरच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याने उज्ज्वलाला फोन लावला. 'सेवाक्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिच्यावर असा प्रसंग, आणि आपण तिच्या पत्राचं उत्तरसुद्धा दिलं नाही! एरवी चप्पल घालावी की बूट यावर विचार करणारा अंकुर तसाच उठला, आणि खाली जाऊन स्कूटर सुरू केली. रामराव ओरडले, "अवो, पोळी तं खा!" पण तो वळला नाही.

धुळवडीच्या दिवशी आर्णी-दिग्रसच्या रस्त्याने स्कूटर नेणं म्हणजे काय, हे ज्याने नेली त्यालाच कळेल. प्रत्येक गावात पोरं आडवी. "भाऊ, बुरा न मानो!" आर्णीत हिरवा, दिग्रसमध्ये जांभळा, मध्ये कुठेतरी नुसताच चिखल, आणि त्यावर फुफाट्याची धूळ. तांड्यावर पोचला तेव्हा त्याचा चेहरा कुठला आणि शर्ट कुठला, हे सांगता आलं नसतं.

आणि तांड्यावर रडारड नव्हती. नगारा वाजत होता. लेंगीची, म्हणजे होळीची, गाणी चालली होती. मोकळ्या जागेत राखेचा मोठाच्या मोठा ढीग अजून धुमसत होता. पलीकडे दोन खुंट्यांना गोडाचं भांडं बांधलेलं. होळीचा मान असलेली तरणी पोरं ते पळवायला झेप घेत होती, आणि हातात ओल्या काठ्या घेतलेल्या बायका त्यांना झोडपत होत्या. हसणं, किंचाळणं, रंग.

अंकुरला काहीच समजेना. राख आहे, म्हणजे होळी आहे. मग ठिपका का नाही? तो उज्ज्वलाला शोधत सरळ पुढे गेला, नेमका त्या खुंट्यांच्या मधोमध. पाठीवर फाडकन काठी बसली.

"आई गं!"

दुसरी उगारलेली काठी हवेतच थांबली. लाल घागऱ्यातली ती मुलगी खाली वाकून त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. डोळे बारीक करून, अगदी कामात पाहावं तसं.

"हा रंग आहे की धूळ?" ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "...साहेब?"

"होळी दिसली नाही," अंकुर एका दमात म्हणाला. "रात्री सगळीकडे दिसली. तुमच्या इथं काळं होतं. मला वाटलं... बापू कसे आहेत?"

"बापू? तो काय, नंगारा वाजवून राह्यला तोच बापू!" तिने काठी खाली टेकवली आणि मग तिला कळलं. ती हसायला लागली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अवो साहेब... आमची होळी रात्री नाही पेटत. पहाटे पेटते. सूर्य निंगायच्या आधी. साऱ्या तांड्यायची तशीच असते. तुमचा उपग्रह येऊन गेला, तवा आमी लाकडं रचत होतो!"

शेजारच्या बायका गोळा झाल्या. हा कोण म्हणून तिच्या आईने, धुरपताबाईंनी, विचारलं, "ई कुण छ?"

"धूरवाळो, याडी," उज्ज्वला म्हणाली. आणि सगळ्या बायका हसल्या. म्हणजे तांड्याला तो ठाऊक होता! अंकुर रंगाखाली लाल झाला. कुणाला दिसलं नाही, हे नशीब.

नगारा थांबवून बापू, म्हणजे बाबूसिंग, आले. धापा टाकत, पण हसत. त्यांनी अंकुरला खालून वर पाहिलं.

"हाच काय तो? काल मी पोरीले इचारलं, त्या मास्तरले काय कळवू? तं म्हंते, बापू, थांबा, एक उत्तर यायचं आहे. म्या म्हटलं, कवा येते? तं म्हंते, मालूम नाही, पण येईन." ते खोकले, आणि मग म्हणाले, "उत्तर चालत येते, हे नव्हतं मालूम."

म्हणजे... तिने थांबायला सांगितलं होतं. अंकुरने तोंड उघडलं.

"उज्ज्वला, मी—"

तिने काठी आडवी धरली. "इथं नाही. सारा तांडा कान टवकारून उभा आहे. आन हवेत बोललेलं मले नको. उद्या तुमीच म्हणान, बहुधा म्हणालो होतो. मी लिहून विचारलं, मले लिहूनच पाह्यजे. टपालानं."

"पण मी तर इथेच आहे!"

"मंग जा ना," ती म्हणाली. पण जा म्हणताना तिने ओढणीच्या टोकाने त्याच्या डोळ्यांवरचा रंग पुसला, हळू... आधी उजव्या, मग डाव्या. "जेवून जा."

परतताना तो आर्णीजवळच्या आपल्या गावी थांबला. वडील, भगवानराव, अंगणात बसले होते. आई तूर पाखडत होती. अंकुरने सगळं सांगितलं. एवढं सलग तो घरी कधी बोलला नव्हता, म्हणून दोघंही आधी घाबरलीच. आईचं सूप थांबलं. तिच्या मनात काय चाललं होतं हे अंकुरला कळेना. आणि या वेळी ते न कळणं त्याला सोसवेना.

"आई, काहीतरी म्हण."

"त्यायची होळी पहाटे पेटते म्हंतो?"

"हो."

"मंग पुरण कवा शिजवते? रात्रीच उठावं लागत असन बाईले." सूप पुन्हा चालू झालं. "इचारून घेजो. मले आता पहाटे उठणं होत नाही."

भगवानरावांनी घसा साफ केला. "पोरगी जंगल राखते ना? मंग तुलेही राखन. तुले कोणी तरी राखनं जरूर आहे."

दुसऱ्या दिवशी यवतमाळला टपाल कार्यालय उघडलं, तेव्हा अंकुर खिडकीपुढे उभा होता.

"पाकीट की आंतरदेशीय?" आतल्या बाईंनी विचारलं.

अंकुर नेहमीसारखा थांबला. पाकीट बंद असतं. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

"पोस्टकार्ड," तो म्हणाला.

उभ्या उभ्याच त्याने लिहिलं. बाजूच्या माणसाला वाचता येत होतं, पोस्टमनला वाचता येणार होतं, तांड्यावर कार्ड पोचेपर्यंत निम्म्या पुसदला वाचता येणार होतं. त्याने अक्षर लहान केलं नाही.

'उज्ज्वला, ठिपका तपासला. धूळ नाही. धूर आहे आणि खाली आग आहे, पहिल्या दिवसापासून. मास्तरांना नाही म्हणून कळवायला सांग. आई-बाबांना घेऊन पाडव्याला येतो. आई विचारते, पुरण कधी शिजवता?'

बाहेर येऊन त्याने कार्ड लाल पेटीच्या तोंडात सरकवलं. एक कोपरा बोटांत राहिला होता. 'अहो' म्हणायला हवं होतं का? एकदम 'सांग' लिहिलं... 'पहिल्या दिवसापासून' जरा जास्त तर झालं नाही? शंका उठायला लागल्या, आणि त्या पुरत्या उठायच्या आत त्याने बोटं सोडली. आत कार्ड पडल्याचा लहानसा आवाज आला.

मग त्याला आठवलं, खाली आपलं नाव लिहायचं राहिलं.

तो पेटीकडे पाहत उभा राहिला. आणि मग आपल्याशीच हसला. धूर कुणाचा, हे तांड्यात कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.